आमची वाटचाल : आधी खड्डा, मग नकाशा

दादाने हडपसरला घरबांधणीची छोटी कंत्राटं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा एक मिस्त्री, भाड्याचा मिक्सर आणि माझा सिव्हिलचा डिप्लोमा एवढंच भांडवल होतं. घर झालं की गिऱ्हाईक विचारणारच, ‘टाकीचं काय?’ त्यामुळे सेप्टिक टाकीची कामं आपसूक अंगावर आली. वहिनी शेतकी शिकलेल्या, त्यांनी बागांचं काम उचललं. तीन कामं एका पाटीखाली कशाला, असं पाहुण्यांपासून बँकेपर्यंत सगळे विचारतात. तिन्ही कामं एकाच मातीत होतात, एवढंच त्याचं कारण.

पुण्याची माती एक नाही. बावधन, सूसकडे टेकडीच्या पायथ्याला हातभर खणलं की मुरूम आणि खाली काळा कातळ. मांजरी, लोणी काळभोर, थेऊरच्या बाजूला नदीकाठाने काळी माती, काही ठिकाणी पुरुषभर खोल. वाघोलीकडे दगडाच्या जुन्या खाणी आहेत. त्यात राडारोडा लोटून वर मुरूम पसरलेला प्लॉट दिसायला सगळ्यात देखणा असतो. मला विचाराल तर तोच सगळ्यात वाईट. काळी माती कशी वागेल ते तरी ठाऊक असतं, भरावाचा काही नेम नाही.

काळी माती किती फुगते, त्याची परीक्षा सोपी आहे. चाळलेली कोरडी माती 10 ग्रॅम एका नळीत पाण्यात, 10 ग्रॅम दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये. 24 तासांनी बघायचं. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलात 10 मिलिलिटर आणि पाण्यात 16 भरलं, तर फुगवटा 60 टक्के. 50 च्या वर म्हणजे फारच फुगणारी. (हल्ली माती मिळते, रॉकेल मिळत नाही.) उन्हाळ्यात तीच माती आकसते, भेगांत अख्खा हात जातो. आषाढात दारं चौकटीत अडकतात, चैत्रात सुटतात, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. त्यात गंमत अशी की घर जितकं हलकं तितका त्रास जास्त, कारण फुगणारी माती दाबून धरायला वजनच नसतं. म्हणून बैठ्या घराआधी कंपाउंडची भिंत तडकते. उसाला बारमाही कालव्याचं पाणी मिळत होतं त्या रानात आता प्लॉट पडलेत. पाणी थांबलं, जमीन पहिल्यांदाच पूर्ण सुकते आहे.

उपाय आहेत. तळाशी फुगीर पाया असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत घातलेले काँक्रीटचे खांब, फुगवट्याच्या थराखाली उतरवायचे आणि प्लिंथ बीमच्या, म्हणजे जोत्याच्या तुळईच्या, खाली जरा पोकळी ठेवायची. फरशीखाली काळी काढून न फुगणाऱ्या चिकट मुरुमाचा थर. कालव्यांसाठी ही पद्धत आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी रुजवली.

सेप्टिक टाकीतून निघणारं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याची गोष्ट वेगळी. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली, पण ड्रेनेजची लाइन प्रत्येक गल्लीत पोचलेली नाही. मे महिन्यात काळ्या मातीच्या खड्ड्यात पाणी ओतलं की भेगांतून गडप होतं, मालक खूश. आम्ही खड्डा रात्रभर भरून ठेवतो. सकाळपर्यंत भेगा मिटतात, मग पाणी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. तासाच्या वर गेलं तर तिथे शोषखड्डा नाही. बावधनला उलटं, कातळाच्या फटीतून पाणी झटकन जातं, न गाळता, आणि शेजारच्या बोअरमध्ये पोचू शकतं. पिण्याच्या पाण्यापासून 18 मीटर अंतर ठेवा असा मानकाचा दंडक आहे. दोन गुंठ्यांत तेवढी जागा कुठून आणणार? तिथे टाकीनंतर खडीची गाळणी आणि खाली अस्तर घातलेला कर्दळीचा वाफा करतो.

आता वहिनींचा राग. पाया खणताना निघालेली काळी माती डंपरला पैसे देऊन बाहेर पाठवायची आणि बागेसाठी लाल माती पोत्याने विकत आणायची, हे त्यांना बघवत नाही. वरची फूटभर माती कोपऱ्यात वेगळी रचून ठेवा, असं त्या पहिल्या दिवशी जेसीबीवाल्याला बजावतात. त्यात शेणखत आणि थोडी वाळू. वाफसा असतानाच, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशा वेळीच, हात लावायचा, ओली तुडवली की वीट होते. चुनखडी असेल तर जास्वंदाचं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुन्यामुळे मुळांना लोह उचलता येत नाही. मग हिराकस (फेरस सल्फेट) आणि भरपूर कंपोस्ट.

भांडणं होतात ती या तीन कामांच्या सीमेवर. मालकिणीला खिडकीखाली लॉन हवं असतं. भिंतीलगत रोज पाणी घातलं की पाया एका बाजूने फुगणार. भिंतीजवळ मोठं झाड लावलं तर ते उन्हाळ्यात तिथलीच ओल ओढून घेणार. शोषखड्डाही पायापासून दूरच हवा. म्हणून भिंतीभोवती दीड मीटर फरसबंदी, उतार बाहेर, लॉन त्याच्या पलीकडे. तीन वेगळे कंत्राटदार हे एकमेकांना सांगत नाहीत, आमच्याकडे ते एकाच टेबलावर जेवताना ठरतं.

माती बघायला आधी खणतो त्या चाचणी खड्ड्याचे पैसे मात्र आम्ही वेगळे आणि आगाऊ घेतो. ‘शेजाऱ्याने न बघताच बांधलं’ हे ऐकवणारे भेटतात. त्यांना शेजाऱ्याच्या कंपाउंडची भिंत बघून यायला सांगतो. नकाशा मंजुरीला टाकण्याआधी या, शक्यतो मे महिन्यात, म्हणजे तीच जागा पावसाआधी आणि पावसानंतर बघता येते.