रडतखडत चालणाऱ्या रणगाड्यांचे नियम

मॉडेल रणगाड्यांच्या युद्धखेळात टेबलावर दुसऱ्या महायुद्धातला टायगर उतरला की समोरचा खेळाडू अंतर मोजायला लागतो. पहिल्या महायुद्धातला ब्रिटिशांचा मार्क वन उतरला की शेजारच्या टेबलावरचे लोकही बघायला येतात. कारण हे धूड पुढच्या चालीत काय करेल ते त्याच्या मालकालाही माहीत नसतं. २८ टन वजन आणि १०५ अश्वशक्तीचं डेमलर इंजिन, म्हणजे टनामागे चारहूनही कमी अश्वशक्ती. हे इंजिन मधोमध उघडं, मध्ये भिंत वगैरे काही नाही. त्याच्या भोवती आठ माणसं, पन्नास अंशांपर्यंत जाणारी उष्णता आणि कार्बन मोनॉक्साइड. सपाट जमिनीवर कमाल वेग ताशी सहा किलोमीटर. खड्ड्याखुड्ड्यांच्या जमिनीवर पायदळालाच त्याच्यासाठी थांबावं लागे.

बऱ्याच नियमांमध्ये या गाड्यांना वेग कमी दिला, चिलखताचा आकडा दिला की काम संपलं असं मानतात. मग टेबलावर जे फिरतं तो फक्त एक मंद शर्मन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला साधा अमेरिकन रणगाडा असतो. त्यात गंमत काय? या गाड्यांवर लोक जीव टाकतात ते त्यांच्या खोडींमुळे, तेव्हा खोडी फाशावर आल्याच पाहिजेत. पण मापात. इथेच बहुतेक घरगुती नियम फसतात.

मापासाठी १५ सप्टेंबर १९१६ ची फ्रान्समधली फ्लेर-कूर्सलेतची लढाई घ्यावी. हाताशी ४९ गाडे होते, सुरुवातीच्या रेषेपर्यंत पोचले ३२. त्या ३२ पैकी ९ बिघडले, ५ रुतले, ९ पायदळाच्या पुढे गेले आणि ९ मागून येत उरलेसुरले खंदक साफ करत राहिले. आता फासे जुळवू. ४९ पैकी १७ आलेच नाहीत, म्हणजे साधारण एक तृतीयांश. खेळाआधी प्रत्येक गाड्यासाठी एक फासा टाका. १ किंवा २ पडला तर गाडा आला नाही. सहा-आठ गाड्यांच्या खेळात हे छान चालतं. दोनच गाडे असतील तर दोन्ही गायब होण्याची शक्यता नवात एक आहे, आणि एवढं रंगवून आणलेलं मॉडेल डब्यातच राहिलं तर कोणालाच मजा येत नाही. छोट्या खेळात १-२ ला ‘तिसऱ्या फेरीत उशिरा दाखल’ असं करा.

पुढे बिघाड. ‘दर फेरीला एक फासा, १ पडला की इंजिन बंद’ हा नियम सगळीकडे दिसतो आणि तो चुकीचा आहे. सहा फेऱ्यांच्या खेळात त्याने ६७ टक्के गाडे कायमचे बंद पडतात. त्याऐवजी ज्या फेरीत गाडा हलेल त्या फेरीला दोन फासे टाका. बेरीज २ किंवा ३ आली तर बिघाड. मग आणखी एक फासा: १ ते ४ म्हणजे गाडा खेळातून बाद, ५-६ म्हणजे एक फेरी वाया जाऊन पुन्हा सुरू. सहा फेऱ्यांत कायमचे बंद पडणारे २९ टक्के येतात. फ्लेरचे ३२ पैकी ९ म्हणजे २८. याहून जवळ जायची गरज नाही. बाद झालेला गाडा टेबलावरून उचलू नका. आतल्या मशिनगन अजून चालू असतात, आणि पायदळाला आडोसाही मिळतो.

वळणं हा या गाड्यांचा खरा तमाशा. मार्क वन ते मार्क फोर गाडा जोरात वळवायचा तर आधी थांबायचं, डिफरन्शियल लॉक करायचं, मागच्या दोन गिअरमनपैकी एकाने आपल्या बाजूचा पट्टा न्यूट्रलमध्ये टाकायचा, दुसऱ्याने आपला गिअरमध्ये ठेवायचा, कमांडरने ब्रेक ओढायचा. आवाजात हाक ऐकूच येत नसे, म्हणून इंजिनाच्या झाकणावर ठोकून आणि हातांच्या खुणांनी सांगायचं. आठ माणसांपैकी चार फक्त गाडी वळवण्यात गुंतलेली! टेबलावर: चालता चालता ब्रेकवर १५ अंशांपर्यंत वळण फुकट, त्याहून जास्त वळायचं तर पूर्ण फेरी जागेवर उभं राहून. कोनमापक घेऊन बसू नका. जाड पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापा, पाया १० सेमी, उभी बाजू २७ मिमी. तिरक्या बाजूचा कोन १५ अंश येतो. चालक, कमांडर किंवा दोनपैकी एक गिअरमन जखमी झाला तर मोठं वळण बंद. या एका ओळीने खेळाडू आतल्या माणसांकडे लक्ष द्यायला लागतात. मार्क फाइव्हला मात्र यातलं काही लावू नका. विल्सनच्या एपिसायक्लिक गिअरमुळे तो एकटा चालक वळवू शके, आणि रिकार्डोचं इंजिन १५० अश्वशक्तीचं होतं. १९१८ चा गाडा १९१६ च्या नियमांनी खेळवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. मार्क वनच्या मागची दोन चाकं, जी वळायला मदत करतील म्हणून लावली होती, ती मॉडेलवर जरूर लावा, पण त्यांचा काही फायदा देऊ नका. ती निरुपयोगी ठरली आणि लवकरच काढून टाकली गेली.

रुतण्यासाठीही दोन फासे. साधा खंदक ओलांडताना बेरीज २-३ आली तर रुतला. असे दोन खंदक ओलांडले की शक्यता १६ टक्के होते, म्हणजे पुन्हा फ्लेरचेच ३२ पैकी ५. खंदक मुद्दाम रुंद केलेला असेल, जसे जर्मनांच्या हिंडेनबर्ग लाइन या बचावफळीवर होते, तर २ ते ६ ला रुतला; ही शक्यता ४२ टक्के. एवढा धोका पत्करायचा नसेल तर मोळी न्या. २० नोव्हेंबर १९१७ ला कांब्रेला गाड्यांच्या टपावर काटक्यांच्या मोठ्या मोळ्या होत्या; त्या खंदकात टाकून वरून जायचं आणि तिघा-तिघांच्या गटाने पुढे सरकायचं. एका गाड्याची मोळी एकदाच वापरायची असते, हे खेळाडू हमखास विसरतात. १/७२ प्रमाणाच्या मॉडेलात ही मोळी साधारण ४२ मिमी लांब आणि १९ मिमी जाड होते. खराट्याच्या बारीक काड्या कापून दोऱ्याने दोन ठिकाणी करकचून बांधा, आत ड्रिंकिंग स्ट्रॉचा तुकडा घातला तर निम्म्या काड्यांत काम भागतं.

रुतलेल्या मार्क फोरकडे आणखी एक उपाय असतो: टपावरचा ओंडका. तो साखळ्यांनी पट्ट्यांना बांधला की पट्टे त्याला फिरवत खाली ओढतात आणि गाडा त्याच्यावर चढून बाहेर येतो. पण साखळ्या बांधायला माणसांनी बाहेर पडावं लागतं, ते गोळीबारात. नियम: दोन माणसं बाहेर, एक पूर्ण फेरी उघड्यावर, मग ४ किंवा जास्त पडलं की सुटका. शत्रूची मशिनगन टप्प्यात असताना हा निर्णय घेणं म्हणजे या खेळातला सर्वात चांगला क्षण असतो. मार्क वनला ओंडका नव्हता, मॉडेलवरही लावू नका.

गोळ्यांचं थोडक्यात. मार्क वनचं चिलखत जर्मनांची चिलखतभेदी ‘के’ गोळी भेदू शके, मार्क फोरचं जाड केलेलं चिलखत बहुतेक वेळा तिला दाद देत नसे. साधी गोळी आत शिरली नाही तरी फटीपाशी फुटून शिशाचे शिंतोडे आत उडत, म्हणून माणसं साखळ्यांची जाळी असलेले मुखवटे घालत. टेबलावर एका फेरीत मशिनगनचे तीन फटके बसले की पुढच्या फेरीत त्या बाजूच्या तोफा-मशिनगन निम्म्या. ७७ मिमी मैदानी तोफेचा थेट गोळा मात्र ४+ ला (म्हणजे ४ किंवा जास्त पडलं तर) गाडा संपवतो. कांब्रेच्या लढाईत फ्लेस्कियेर गावापाशी जर्मन मैदानी तोफांनी बरेच गाडे फोडले, तेव्हा यावर वाद घालू नका.

फ्रेंच गाडे आणखी चमत्कारिक. सें-शामों म्हणजे आखूड पट्ट्यांवर ठेवलेली लांबलचक पेटी, पुढे ७५ मिमी तोफ आणि तिच्याखाली पट्ट्यांच्या बरंच पुढे आलेलं नाक. पेट्रोल इंजिनाने वीज बनवून मोटरी फिरवायच्या, त्यामुळे वळायला सोपा. पण पहिल्या खंदकाला नाक टेकलं की संपलं. त्याला प्रत्येक खंदकावर २ ते ६ चा नियम लावा, अरुंद असला तरी. मग खेळाडू आपोआप शहाणा होतो: खंदकाच्या अलीकडे उभं राहून तोफ चालवतो, आणि १९१८ मध्ये मोकळ्या मैदानात हे गाडे असेच कामी आले. श्नायडर या दुसऱ्या फ्रेंच गाड्याची खोड आग. १६ एप्रिल १९१७ ला बेरी-ओ-बाकला गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त गाडे परत आले नाहीत, आणि त्यांत जळालेले खूप. भेदला गेला की एक जादा फासा, ४+ ला पेट घेतला.

ब्रिटिशांच्या हलक्या व्हिपेटला दोन इंजिनं, प्रत्येकी ४५ अश्वशक्तीची, एकेका पट्ट्याला एकेक. चालकाने दोन्हींचा वेग सांभाळत वळायचं. जोरात वळताना १ पडला की एक इंजिन बंद, गाडा त्याच दिशेला वळून उभा. फ्रेंचांच्या छोट्या रेनो एफटीमध्ये दोनच माणसं: कमांडरच निशाणा धरतो, तोच तोफ भरतो, तोच पायाने चालकाच्या पाठी-खांद्याला ढोसून दिशा सांगतो. म्हणून त्याला एका फेरीत ‘नवी दिशा’ किंवा ‘गोळीबार’ यांतलं एकच.

पुढच्या काळातल्या अनेक बुरुजांच्या गाड्यांबद्दल माझं मत जरा कडू आहे. सोव्हिएत टी-३५ चे पाच बुरूज मॉडेल म्हणून देखणे, पण नियमात पाचही बुरुजांना एकदम गोळीबार दिला की तो राक्षस होतो. खरा टी-३५ १९४१ मध्ये लढण्यापेक्षा बिघडून जास्त गेला. कमांडरला एका फेरीत एकाच बुरुजाला हुकूम देऊ द्या, बाकीचे फक्त सर्वात जवळच्या लक्ष्यावर. मग तो पुन्हा आवडायला लागतो. न्यूझीलंडचा बॉब सेंपल तर ट्रॅक्टरवर पन्हाळी पत्रे ठोकून केलेला. त्यात सहा ब्रेनगन, आणि एक जण इंजिनावर गादी टाकून पालथा पडून गोळ्या झाडणार. त्याला नियम लिहायचा तर एकच: गिअर बदलायला थांबावं लागतं.

आता मॉडेल. १/७२ मध्ये एम्हार कंपनीचे मार्क फोर, जर्मन ए-सेव्हन-व्ही आणि व्हिपेट हे प्लॅस्टिक किट जुने पण धड आहेत. मार्क फोरची लांबी ११२ मिमीच्या आसपास यायला हवी. १५ मिमी उंचीच्या सैनिकांच्या खेळासाठी १/१०० घेतलात तर ८० मिमी. मऊ व्हिनाइलचे पट्टे असतील तर प्लॅस्टिकचा गम धरत नाही, सुपरग्लू लागतो. आधी भांड्यांच्या साबणाने धुवा, बसवून झाल्यावरच रंगवा. रंगवून वाकवले की रंगाच्या खपल्या निघतात. बाजूचे फुगलेले तोफकक्ष चिकटवू नका. ३ मिमी व्यासाची चुंबकं बसवली तर तोफांचा ‘मेल’ आणि नुसत्या मशिनगनचा ‘फीमेल’ एकाच गाड्यात होतो. चारही चुंबकांचे ध्रुव गम लावण्याआधी मार्करने खुणा करून ठेवा. ओंडक्याचे टपावरचे रूळ प्लॅस्टिकचे असतील तर पहिल्याच खेळात तुटतील, कारण सगळे जण गाडा वरूनच उचलतात, ०.८ मिमीची पितळी तार वापरा. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर पांढुरका, दाणेदार बसतो, तेव्हा ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

मार्क वनला चित्रकार सॉलोमन यांची गुलाबी-हिरवी-तपकिरी रंगसंगती आणि काळ्या रेषा, मार्क फोरला एकच खाकी-तपकिरी, १९१८ असेल तर पुढे पांढरा-लाल-पांढरा पट्टा. चिखल मात्र आपल्याकडचा नको. काळ्या मातीचा किंवा कोकणातल्या तांबड्या मातीचा रंग हाताशी असतो म्हणून थापला जातो. फ्लेर ज्या भागात आहे त्या सोमच्या पट्ट्यातली जमीन खडूची, खणली की पांढुरकी. फ्लँडर्सची करडी-तपकिरी चिकणमाती.

खंदकांची अडचण वेगळी. टेबल खणता येत नाही म्हणून खंदक वर उभारतात, आणि ४० मिमीच्या टेकाडावर गाडा नाक वर करून डोलत राहतो. ३ मीटरचा खंदक १/७२ मध्ये ४२ मिमी रुंद होतो. तेवढी गडद फेल्टची पट्टी अंथरा, कडेला १० मिमीपर्यंतच उंच बांध करा. गाडा सपाट बसतो आणि तोफेचा कोनही नीट दिसतो.

सुरुवात करायला प्रसंग हवा असेल तर २४ एप्रिल १९१८, व्हिलेर-ब्रेतोनो, रणगाड्याविरुद्ध रणगाड्याची पहिली लढत. १२० सेमी चौरस टेबल, मोकळी शेतं, ब्रिटिशांच्या बाजूला एक खंदक. ब्रिटिशांचे तीन मार्क फोर: मिचेल यांचा एक मेल आणि दोन फीमेल. जर्मनांचा बिल्ट्झ यांचा ए-सेव्हन-व्ही ‘निक्स’, पायदळाच्या दोन तुकड्यांसह. फीमेलच्या मशिनगन निक्सचं काही बिघडवू शकत नाहीत. त्यांचं काम पायदळ अडवणं, आणि निक्सची ५७ मिमी तोफ समोर आली की मागे सरकणं. मेलमध्ये विषारी वायूमुळे माणसं कमी, म्हणून दोन तोफांपैकी एका फेरीत एकच चालवायची. चालत्या गाड्यातून नेम फक्त ६ ला लागतो, थांबून ४+ ला. मिचेल यांनीही शेवटी गाडा थांबवला तेव्हाच गोळे लागले. निक्सच्या पोटाखाली जेमतेम वीतभर जागा, तेव्हा खड्ड्यांच्या जमिनीवर त्यालाही दोन फाशांचा रुतण्याचा नियम लावा, ४ पर्यंत. पाचव्या फेरीत ब्रिटिशांचे सात व्हिपेट येतात, पण फक्त जर्मन पायदळ अजून उघड्यावर असेल तर. निक्सला तीन गोळे लागले की माणसं उतरून पळतात. खेळ तिथे थांबवू नका. निक्सची माणसं पुन्हा चढली आणि गाडा मागे घेऊन गेली, तेव्हा पुढच्या प्रत्येक फेरीला एक फासा. ५+ ला इंजिन पुन्हा सुरू, आणि निक्स टेबलाच्या जर्मन कडेपर्यंत पोचली तर ब्रिटिशांचा विजय अर्धाच धरा.