एका टेबलावर नको

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

शाहू स्मारक भवनातल्या आमच्या संस्थेच्या स्टॉलचा आज पहिला दिवस झाला. पाय भरून आलेत, तरी लिहून मगच आडवी होणार. सकाळची गोष्ट दिवसभर डोक्यातून गेलेली नाही.

आंघोळ करून बाहेर आले तर आईनं दोन्ही पोती सोडून सगळा माल पलंगावर मांडलेला. शालींच्या घड्या घातल्या होत्या आणि प्रत्येक घडीवर क्रोशाची एकेक बाहुली बसवली होती. "बघ की, कसं उठून दिसतंय," म्हणाली. दिसत होतंच. आणि माझ्या पोटात धस्स झालं.

बाहुल्या मणिपुरातल्या, इंफाळच्या निर्वासित छावणीतल्या मैतेई बायकांनी विणलेल्या. शाली चुराचांदपूरच्या छावणीतल्या कुकी-झो बायकांच्या, कमरेला पट्टा बांधून बसायच्या मागावरच्या. दोन गावांत अंतर जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटर, म्हणजे कोल्हापूरहून सांगलीला जाऊन थोडं पुढं. पण ३ मे २०२३ला या दोन समाजांत हिंसा पेटली, तेव्हापासून तो रस्ता मैतेईला आणि कुकीला सरळ पार करता येत नाही. मधे सुरक्षा दलांचा पट्टा आहे. चुराचांदपूरच्या माणसाला विमान पकडायचं तर इंफाळ सोडून डोंगरातून ऐझॉलला जावं लागतं, दिवस मोडतो. शालींचं पोतंही तसंच ऐझॉलवरून आलं, बाहुल्यांचं इंफाळहून. दोन्ही पहिल्यांदा एकत्र आली ती मंगळवार पेठेत, आमच्या पलंगावर.

आईला सांगितलं, "उचल ते. वेगळं ठेवायचंय." तिला वाईट वाटलं. "वस्तूंचं काय भांडण असतंय व्हय?"

वस्तूंचं नाही, पण शब्द दिलाय. निघायच्या आधी दोन्ही छावण्यांत जाऊन आले होते. इंफाळला जी बाई बाहुल्या सगळ्यांत सुबक करते, ती विणताविणताच बोलत होती. कापूस भरला, मान शिवली, आणि काळे मणी हातात घेऊन थांबली. डोळे ती शेवटी लावते, आधी लावले तर विणताना बाहुली आपल्याकडे बघत राहते म्हणाली. मग मान वर न करता म्हणाली, "विका. पण त्यांच्या सामानाशेजारी ठेवू नका." चार दिवसांनी पलीकडं, शाल उलगडून दाखवताना, एकीनं दुभाष्याकरवी जवळजवळ हेच सांगितलं. दोघींनाही मी हो म्हणाले होते.

घरात कुणी विचारलं की काय झालं होतं तिकडं, तर दोन वाक्यांत सांगणं जड जातं. मणिपूरच्या क्षेत्रफळाचा जेमतेम दहावा हिस्सा म्हणजे खोरं, आणि निम्म्याहून जास्त माणसं त्यात राहतात, बहुतेक मैतेई. डोंगरात नागा आणि कुकी-झो. मैतेईंना अनुसूचित जमातीचा दर्जा देण्याच्या मागणीवर उच्च न्यायालयाचा आदेश आला, त्याविरुद्ध डोंगरी जिल्ह्यांत मोर्चे निघाले आणि त्याच दिवशी जाळपोळ सुरू झाली. जमिनीचा, जंगलाचा, सत्तेचा राग त्याआधीपासून साचलेला होताच. अडीचशेवर माणसं गेली, साठ हजारांवर बेघर झाली. गाव ज्या बाजूचं नव्हतं, त्या बाजूच्या माणसांना गाव सोडावं लागलं. तिथं मी दोन्हीकडं परकीच, खोऱ्यात 'मयांग', डोंगरात 'वाई'. म्हणून तर मला दोन्हीकडं जाता येतं. आमच्या सात जणांच्या संस्थेत एक मुलगी इंफाळची, एक मुलगा चुराचांदपूरचा. कामाच्या कॉलवर रोज बोलतात. समोरासमोर भेटतात ती फक्त गुवाहाटीला, बैठकीसाठी.

पहिल्या वर्षी आमच्या हातून एक मोठी चूक झाली. ती लिहायलाच हवी. दोन्हीकडच्या चार-चार बायकांना आम्ही गुवाहाटीला एका खोलीत बसवलं. देणगी देणाऱ्यांना 'संवाद' हवा होता, आणि खरं तर आम्हालाही हवा होता. आपल्या कामाला काही अर्थ आहे हे आपल्याच डोळ्यांनी बघायचं होतं. जेवणापर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. फोटो मात्र निघाला. तो फोटो फिरत फिरत छावणीत पोचला आणि त्यातल्या एकीला तिच्याच माणसांनी रात्रभर प्रश्न विचारले. तिनं त्यानंतर आमच्याकडं काम केलं नाही. मी दोनदा भेटायला गेले, दोन्ही वेळा तिनं चहा दिला आणि विषय काढू दिला नाही.

त्यानंतर आम्ही कागदांचं काम धरलं. जळालेल्या घरांबरोबर गुणपत्रिका गेल्या, जन्मदाखले गेले, जमिनीचे कागद गेले. एका मैतेई मुलीला पुढं प्रवेश घ्यायचा होता आणि तिचं जुनं कॉलेज चुराचांदपूरला. आमचा तिथला मुलगा आठ दिवस कॉलेजात खेटे घालत राहिला. दुसरी प्रत मिळाली ती पाकिटात घालून एका पांगल ड्रायव्हरच्या हाती दिली. पांगल म्हणजे तिकडचे मणिपुरी मुसलमान, दोन्ही बाजूंना त्यांची गाडी चालते. संध्याकाळी पाकीट इंफाळला. मुलीनं विचारलं, कुणी काढून दिलं? आमच्या मुलीनं नाव सांगितलं. आडनावावरून जमात कळतेच. ती गप्प राहिली, मग पाकिटावरचं अक्षर बराच वेळ बघत बसली. याचा फोटो आम्ही काढला नाही.

आईला हे सगळं सांगताना सकाळी एकदम आमच्या गल्लीतले टेलर चाचा आठवले. ७ जून २०२३ला मी इथंच होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवरून हिंदू-मुसलमान दंगल पेटली, शिवाजी चौकात दगड पडले, नेट बंद झालं. मणिपूरला तेव्हा महिनाभर नेट बंदच होतं. तिकडच्या माणसांची काळजी करत मी इकडं घरात बसलेली, आणि माझाही फोन मुका झाला. पुढं शांतता समिती बसली, 'हे शाहूंचं कोल्हापूर' असं सगळेच म्हणाले आणि मनापासून म्हणाले. चाचांचं दुकान तिसऱ्या दिवशी उघडलं. आईचे ब्लाउज अजून तेच शिवतात. पण संध्याकाळी दुकानाबाहेर खुर्ची टाकून ते सगळ्यांशी गप्पा मारायचे, ती खुर्ची त्यानंतर बाहेर आलेली नाही. पुढच्या वर्षी १४ जुलैला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मुसलमानांची घरं फोडली, तेव्हा तर ते आठवडाभर बोललेच नाहीत. आम्ही गल्लीतल्या कुणी विचारलंय त्यांना? मी विचारलेलं नाही. इतकी वर्षं परक्या मुलखात माणसांच्या शेजारी बसते, आणि चाचांच्या उंबऱ्यावर चार मिनिटं बसायला मला अजून जमलेलं नाही. हे लिहिताना फार लागतंय.

आई ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "खुर्ची मीबी बघितलीय." आणि बाहुल्या उचलायला लागली.

स्मारकात आम्हाला एकच टेबल मिळालं होतं. उटणं विकणाऱ्या शेजारच्या मावशींनी त्यांचं एक जादाचं दिलं. मधे चालायची वाट ठेवून एकीकडं बाहुल्या, एकीकडं शाली. पाट्या आईनं लिहिल्या, तिचं अक्षर चांगलं आहे. एका बाईनं विचारलंच, "एकाच राज्याचं आहे ना, मग दोन टेबलं का?" मी सांगितलं, करणाऱ्यांची तशी इच्छा आहे. तिनं थोडा वेळ दोन्हीकडं बघितलं आणि एक बाहुली घेतली.

रात्री दोन वेगवेगळे फोटो पाठवले, एकात नुसत्या बाहुल्या, एकात नुसत्या शाली. चुराचांदपूरहून उत्तर आलं, लाल काठाच्या अजून करायच्या का? इंफाळहून बराच वेळ काही आलं नाही. अकरा वाजता आमच्या मुलीचा मेसेज आला. मणी लावणाऱ्या बाईंनी विचारलंय, त्यांच्या शाली किती गेल्या?

का विचारलं असेल, कळलं नाही. मी खरा आकडा कळवला. नऊ.