डबा पावसाळा काढेल काय?

जिओकॅशिंगचा डबा लपवायला पाच मिनिटं लागतात. बेळगाव-खानापूर पट्ट्यात त्याची परीक्षा जूनमध्ये सुरू होते. जांबोटी-कणकुंबीकडे पावसानं धरलं की आठ-आठ दिवस उघडीप नसते, आणि 'वॉटरप्रूफ' म्हणून घेतलेल्या डब्यात दसऱ्याला वहीचा लगदा सापडतो.

नवख्यांसाठी थोडक्यात. अमेरिकेनं जीपीएसच्या संकेतात मुद्दाम ठेवलेली खोट २ मे २००० ला काढली. शंभरेक मीटरची चूक दहा-वीस मीटरवर आली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये रानात एक बादली ठेवून तिच्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे इंटरनेटवर टाकले. तेव्हापासून खेळ तोच आहे: आकड्यांवरून डबा शोधा, वहीत नाव-तारीख लिहा, आतलं काही उचललंत तर तेवढ्याच मोलाचं काही ठेवा, आणि डबा होता तसा, होता तिथंच परत लपवा. शेवटची अट सगळ्यात जास्त मोडली जाते.

डबा पारदर्शक असावा, अर्धा ते एक लिटरचा, चारी बाजूंनी कड्या लागणारा, झाकणात सिलिकॉनचं रबर असलेला. स्टीलचा नको. त्याचं झाकण नुसतं दाबून बसतं, फटीतून पाणी आत खेचलं जातं, आणि चकाकणारी वस्तू वानरांच्या नजरेतून सुटत नाही. अगदी छोट्या कॅशसाठी (लपवलेल्या डब्याला कॅश म्हणतात) रक्तातली साखर तपासायच्या पट्ट्यांची डबी चांगली. तसल्या बऱ्याच डब्यांत ओल शोषणारा माल आधीच असतो.

चांगल्या डब्यातही पाणी शिरतं, ते का? बहुतेक वेळा रबरावर तांबड्या मातीचा एक कण बसलेला असतो, नाहीतर आतल्या झिप पिशवीचं टोक झाकणात चिमटलेलं असतं. दुसरं कारण हवेचं. उन्हात डबा तापतो, आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते. मग एकदम सर आली की डबा गार पडतो, आतला दाब उतरतो आणि रबराशी साचलेलं पाणी आत ओढलं जातं. म्हणून डबा खळग्यात ठेवू नका. उतारावरच्या जांभ्या दगडाच्या पोटात, झाकण खाली करून, एका सपाट चिपेवर ठेवा. मातीला टेकला तर वाळवी वहीपर्यंत पोचायची वाट शोधतेच. बंद करण्याआधी रबरावरून कोरडं बोट एकदा फिरवायचं. हे काम शोधणाऱ्याचंही आहे, नुसतं लपवणाऱ्याचं नव्हे.

वहीला वेगळी झिप पिशवी आणि लिहायला पेन्सिल. बॉलपेन उन्हात वाळतं आणि ओल्या कागदावर उमटत नाही. सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात, पण गळक्या डब्यात दहा टाकल्या तरी आठवड्यात भिजून बसतील. चॉकलेट, गोळ्या, अगरबत्ती असलं वासाचं काही नको: आधी मुंग्या येतात, मग उंदीर कुरतडतात. काडेपेटी, चाकूही नको.

डब्यावर कन्नड, मराठी आणि इंग्रजीत लिहा: 'हा खेळाचा डबा आहे, यात धोकादायक काही नाही', आणि खाली डबा लपवणाऱ्या आपल्या ग्रुपचा फोन नंबर. गुराख्याला सापडो की बीट पोलिसाला, वाचता आलं पाहिजे. बेळगाव लष्कराचं गाव आहे. कॅन्टोन्मेंट, सांबरा विमानतळ, रेल्वेचे पूल आणि धरणाची भिंत यांच्या आसपास डबा ठेवायचाच नाही. बेवारस डबा बघून बॉम्बशोधक पथक आलं तर लेबल वाचायला कोणी थांबत नाही. राजहंसगडासारख्या किल्ल्यावर तटाच्या फटीतही नको. शोधणारे दगड हलवतात, आणि हललेला तटाचा दगड परत बसत नाही. तिथं दोन टप्प्यांचा कॅश करा: गडावर काहीतरी मोजायला लावा आणि त्या आकड्यावरून खालच्या माळावरच्या डब्याकडे न्या, अर्थात जागेच्या मालकाला विचारून. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, हेही आधीच तपासा.

आता आकडे. कॅशचा पत्ता अंश आणि दशांश मिनिटांत असतो, समजा उ. १५°५१.२००', पू. ७४°३०.४००'. हेच कोणी फोनच्या नकाशात १५.५१२००, ७४.३०४०० असं टाकलं की बेळगावातला बिंदू सुमारे ४४ किलोमीटर नैऋत्येला, गोव्याच्या सीमेजवळच्या रानात जाऊन पडतो. मिनिटांना साठनं भागून अंशात मिळवायचं: १५.८५३३३, ७४.५०६६७. मिनिटाच्या तिसऱ्या दशांशातला एक म्हणजे जमिनीवर पावणेदोन-दोन मीटर, त्यामुळे चौथ्या आकड्यासाठी जीव टाकू नये. लपवताना फोन दोन-तीन मिनिटं एका जागी ठेवा, वेगवेगळ्या वेळी तीनदा वाचन घ्या आणि सरासरी काढा. दाट झाडीत, दरीत दहा-पंधरा मीटरची चूक धरूनच चला.

शोधतानाही शेवटच्या दहा मीटरांत फोन खिशात घाला. उभं राहिलं की बाण नाचतोच. वीस मीटर मागं जाऊन दुसऱ्या दिशेनं परत चालत या; दोन्ही रेषा जिथं कापतील तिथं बघा. रानात दगड सरळ रांगेत बसत नाहीत, काटक्या एकमेकींना समांतर पडत नाहीत. असं काही दिसलं की काठीनं उचका, हात घालू नका. अशा दगडाखाली फुरसं असू शकतं.

शोधाशोधीला जोडून तंबू टाकून मुक्काम करायचा तर सुगीनंतरचे दिवस बरे, डिसेंबर-जानेवारी. भाताचं रिकामं शेत दिसायला मऊ, पण कापणीनंतर राहिलेले सड तंबूची खालची चादर आणि हवेची गादी दोन्ही भोसकतात. खळ्याकडेची जागा मागा. "काका, दोन रात्री खळ्याकडेला राहिलं तर चालंल काय?" एवढं विचारलं तर बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. मात्र सारवलेल्या खळ्यात खुंटा ठोकायचा नाही; दोऱ्या दगड भरलेल्या पोत्यांना बांधा. बैलहोंगल, गोकाककडे जाणार असाल तर विचारायला कन्नड बोलणारा गडी पुढं करा. जांभ्याच्या माळावर तंबूबरोबर आलेले ॲल्युमिनियमचे खुंटे वाकतात. आठ मिलिमीटर सळईचे, फूटभर लांब, वर कडी वळवलेले खुंटे उद्यमबागेत कुठल्याही वर्कशॉपमध्ये करून मिळतील.

समजा बारा जण असाल तर दिवसाला माणशी चार लिटर पाणी, म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन. दव भरपूर पडतं. तंबूच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्या उघड्या ठेवल्या नाहीत तर पहाटे आपल्याच श्वासाचं पाणी अंगावर टपकतं. शेकोटी नको, गॅसची शेगडी घ्या. शेजारी गवताची गंजी असते आणि ती कुणाच्या तरी गुरांची वर्षाची वैरण असते.

भीमगड अभयारण्यात डबाही नाही आणि तंबूही नाही. बाहेरच्या रानातही गवे आणि अस्वलं आहेत, खानापूर-चंदगडकडे हत्तीही फिरतात, तेव्हा तिन्हीसांजेनंतरची शोधाशोध बंद. हिवाळा-उन्हाळ्यात माकडतापाचा धोका धरा. तो गोचिडीतून येतो. पँट मोज्यात खोचा, गोचीड पळवणारं मलम लावा, परतल्यावर काखा आणि गुडघ्यांच्या मागं तपासा. मेलेलं माकड दिसलं तर तिथून मागं फिरा आणि वनखात्याला कळवा. आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा. सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारी उपकरणं परवानगीशिवाय आपल्याकडे बेकायदा आहेत. परदेशातून कोणी भेट आणलं असेल तर ते घरीच राहू द्या.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ग्रुपनं डबे वाटून घ्यावेत, माणशी तीन. ओढ्याकाठचे उचलून आणायचे आणि इंटरनेटवरच्या नोंदीत कॅश 'तात्पुरता बंद' दाखवायचा. उंचावरचे पुसून, रबर बघून, नवी वही घालून ठेवायचे. जुनी वही फेकू नका, त्यातल्या नोंदींचा फोटो काढून ठेवा.