रेम्ब्रांटचं पोस्टकार्डाएवढं अ‍ॅमस्टरडॅम हातात येईपर्यंत

एचिंग, म्हणजे धातूच्या पट्टीवर रेघा कोरून कागदावर छापलेली चित्रं, भिंतीवर कायम लावून ठेवत नाहीत, उजेडाने कागद खराब होतो म्हणून ती बॉक्समध्ये असतात, हे मला अ‍ॅमस्टरडॅमला येऊन चार वर्षं झाल्यावर कळलं. आणि ती मागितली तर दाखवतात हेही! इथल्या रायक्सम्युझियमच्या साइटवर डच चित्रकार रेम्ब्रांटने काढलेल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या एचिंगचा नंबर शोधला (आरपी-पी ने सुरू होतो), मेल टाकला, तारीख मिळाली. बॅग आणि पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल, हात स्वच्छ धुऊन बसायचं, बस. मी आयटीवाली, कलेतलं शिक्षण शून्य, पण त्याने काही अडलं नाही.

समोर आलं ते साधारण 1640 सालचं, 11 बाय 15 सेंटीमीटर. वरचा निम्मा कागद नुसता कोरा आणि तेच आभाळ, एकही ढग काढलेला नाही तरी डच हवा लागते अंगाला. खाली पाणी, गवत आणि मधे एका ओळीत अख्खं शहर. भिंग लावलं तर मनोरे म्हणजे चार-पाच बारीक रेघा, आणि शाई कागदावर किंचित उठून आलेली.

पण मनोरे जुळेनात. रोज बघते ते शहर आणि डोळ्याला पटतच नाही, झाउडरकेर्क चर्च उजवीकडे कसं? दहा मिनिटं तशीच बसले. मग ट्यूब पेटली, तांब्याच्या पट्टीवर मेणाचा लेप देऊन सुईने काढायचं, अ‍ॅसिडने रेघ खोल करायची आणि छापायचं, म्हणजे रबरी शिक्क्यासारखं सगळं उलटं येणार! रेम्ब्रांटने डोळ्यांना दिसलं तसं सरळ पट्टीवर काढलं, छापल्यावर डावं-उजवं बदलेल याची फिकीरच केली नाही. मला तर हे फार आवडलं, म्हणजे पट्टीवर त्याचा हात जसा चालला तसाच आपल्याला मिळालाय.

घरी येऊन साइटवरचा फोटो मोबाइलवर फ्लिप केला आणि शनिवारी काडाईक या जुन्या बांधाच्या बाजूला गेले, चित्रातलं दृश्य तिथूनचं आहे. आता सगळीकडे बिल्डिंगा, चित्रातला हारिंगपाकर्स मनोरा तर 1829 मध्येच पाडला. मग चालत चित्रातल्याच मॉन्टेलबान्स मनोऱ्यापाशी आले, तो आहे अजून, आणि तिथून पाच-सात मिनिटांवर रेम्ब्रांटचं 1639 मध्ये घेतलेलं घर. म्हणजे शहराबाहेर जाताना तो याच बाजूने गेला असणार. मोबाइल तसाच धरून बराच वेळ उभी होते.