मुकं खोकं

पुण्याच्या तापकीर गल्लीतून साडेसहा इंची स्पीकर आणला, जेवणाच्या टेबलावर उताणा ठेवला, वायरी जोडल्या आणि मोठ्या अपेक्षेने ख्यालाचं एक रेकॉर्डिंग लावलं. तबल्याची चाट तेवढी ऐकू येत होती. डग्गा जणू रजेवर गेला होता. गाणाऱ्या बाईंचा आवाजही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "याचे पैसे दिलेस?"

दोष स्पीकरचा नव्हता. त्याचा कागदी पडदा पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. बारीक आवाज सरळ पुढे निघून जातो, पण खर्जाची लाट लांबलचक असते. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटरची, म्हणजे आमच्या हॉलपेक्षा मोठी. ती स्पीकरच्या कडेवरून वळते, पुढची मागचीला भेटते आणि दोघी एकमेकींना गिळून टाकतात. त्यांची भेट होऊ द्यायची नसेल तर मागच्या आवाजाला कोंडून ठेवायला हवं. खोकं त्यासाठी.

कऱ्हाडच्या मामाने हे काम माठावर भागवलं होतं. मोठा माठ, त्याच्या तोंडावर आठ इंची स्पीकर उपडा, आणि त्यातून दुपारभर विविधभारती. त्या काळी बऱ्याच घरांत असे माठ घुमायचे. तशी ही युक्ती बावळट नाही. माठाला समोरासमोरच्या सपाट भिंती नसतात, त्यामुळे आवाज आत टोलवाटोलवी करत बसत नाही. अडचण एवढीच की माठाला स्वतःचा एक लाडका सूर असतो आणि तो प्रत्येक गाण्यात घुसवतो. बातम्या सांगणारासुद्धा विहिरीत बसून बोलतोय असं वाटायचं. आम्हाला तेच भारी वाटायचं, ही गोष्ट वेगळी.

मला मात्र लाकडाचं खोकं करायचं होतं, आणि तेही स्वतः.

किती मोठं, याचं गणित छापील असतं. थील आणि स्मॉल या दोन अभियंत्यांनी 1960-70च्या दशकांत ऑस्ट्रेलियात बसून ते पक्कं केलं: स्पीकरचे काही आकडे घ्या, सूत्रात घाला, लिटर बाहेर पडतात. (खोकं किती मोठं हवं हे ठरवणाऱ्याचं आडनाव स्मॉल असावं, याची मला उगाच गंमत वाटते.) माझ्या स्पीकरला वीस लिटर निघाले. उंची 36 सेंटिमीटर, रुंदी 24, खोली 23. चिठ्ठी लिहिली आणि टिंबर मार्केट गाठलं.

"ताई, मिस्त्रीला पाठवा ना," प्लायवाला म्हणाला.

"मिस्त्री मीच."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा चिठ्ठीकडे, आणि मुकाट्याने 18 मिलिमीटरचा प्लाय कटरवर चढवला. कापायचे पैसे वेगळे.

घरी आल्यावर गोल भोक पाडायचं होतं. खिळा, सुतळी आणि पेन्सिल घेऊन वर्तुळ छान निघालं. जिगसॉ उसनी आणली होती. तिचं पातं वळणावर आतून तिरकं जातं, हे वळण संपल्यावर कळलं. वरून गोल, खालून अंडाकृती. पण स्पीकरच्या लोखंडी कडेने ते सगळं पोटात घेतलं. सुतारकामात झाकणाऱ्या गोष्टींचं केवढं महत्त्व असतं! सनमायका, लांबी (पुट्टी), बिडिंगची पट्टी, सगळ्या आब राखणाऱ्या.

फेविकॉल लावला, स्क्रू मारले, गुण्या लावून कोपरे तपासले. शिकंजे दोनच होते, म्हणून वर पाटा-वरवंटा आणि गव्हाचा डबा चढवला. संध्याकाळी पोळ्यांच्या वेळी डब्यावरून थोडी बोलाचाली झाली. शेजारच्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम चालू होतं. तिथल्या मिस्त्रीने डोकावून बघितलं आणि फटींत नख घालून दाखवलं. इथून हवा जाणार. मग खाली पडलेला भुसा फेविकॉलमध्ये कालवून त्या कशा बुजवायच्या तेही शिकवलं. आपल्याच लाकडाच्या भुशाने आपलीच फट बुजते, रंगही जुळतो.

पुढची फळी लावायच्या आधी मला कौतुक करून घ्यायची हुक्की आली. खोकं उताणं ठेवलं, वाण्याकडून चुरमुऱ्यांची मोठी पिशवी आणली आणि लिटरच्या मापाने ओतायला लागले. सासूबाई मोजत होत्या. त्या पूर्वी लाभाने सुरुवात करून धान्य मोजायच्या, तशाच सुरात. लाभ, दोन, तीन... बारा, तेरा. पुढच्या फळीची जाडी सोडली तर खोकं शिगोशीग भरलं.

"झालं की," त्या म्हणाल्या.

"वीस व्हायला पाहिजेत."

"मग सात कुठे गेले?"

सात प्लायमध्ये गेले होते. मी आतली मापं बाहेरची म्हणून दिली होती. दोन्ही बाजूंना 18-18 मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक मापातून 3.6 सेंटिमीटर गायब. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तिन्ही मापांतून एकदम वजा करा, वीसाचे तेरा होतात. चुरमुरे परत पिशवीत भरले.

त्या रात्री मला एडगर व्हिलचर यांनी धीर दिला. 1954 साली अमेरिकेत त्यांनी लहानसं, हवाबंद खोकं करून दाखवलं होतं, आणि त्यात कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी वापरली होती. तेव्हा खर्ज हवा तर कपाटाएवढं खोकं हवं असा समज होता. अर्थात त्यांनी त्या खोक्यासाठी स्पीकरही तसाच घडवला होता, आणि मी नुसती माप चुकले होते. तरीही झोप लागली. दुसऱ्या दिवशी एका जुन्या उशीतला फायबर उपसून आत भरला. त्याने खोकं आतल्या हवेला थोडं मोठं भासतं.

आमच्याकडे कोपऱ्यात सासूबाईंचा तंबोरा असतो, मिरजेचा. कलिंगड बघावं तशी मी त्याच्या भोपळ्यावर टिचकी मारली. सगळा भोपळा हुंकारला, तारासुद्धा जराशा जाग्या झाल्या. मग खोक्याच्या बाजूवर पेराने ठोकलं. ढब. तेही हुंकारत होतं, आणि तेच नको होतं. भोपळ्याने गावं म्हणून तो इतका जपून निवडतात, वाळवतात. खोक्याने मात्र गायचं नाही. गाणं ज्याचं त्याला गाऊ द्यायचं आणि आपण मुकं राहायचं. गणपतीत डीजेच्या भिंतीसमोर छातीत धडधडतं तेव्हा मला आता वाटतं, यांच्याकडे मुकं राहायची पद्धतच नाही. असो. आत दोन भिंतींना धरून ठेवणारी एक आडवी पट्टी ठोकली. पुन्हा पेराने वाजवलं. टक. बस.

फळी लावली, स्पीकर बसवला, तेच रेकॉर्डिंग लावलं. दुसऱ्या आवर्तनात डग्गा आला. थोडा फुगलेला, जेवून आल्यासारखा, ती तेरा लिटरची कृपा. पण आला. सासूबाईंनी रेकॉर्डिंगमधला तंबोरा सुरात आहे का ते लक्ष देऊन ऐकलं, आणि तो आहे म्हटल्यावर भेळेसाठी कांदा चिरायला गेल्या. चुरमुऱ्यांत भुसा निघाला, तो निवडला.

मग लक्षात आलं की स्टिरिओला दोन लागतात.

आणि दोन्ही तंतोतंत सारखे लागतात. एक वीसचा नि एक तेराचा चालत नाही, गाणारी बाई एका बाजूला कलते. म्हणजे पुढचं खोकं मला नीट विचार करून, हिशेबाने, तसंच चुकीचं करायचं होतं. तीच चिठ्ठी घेऊन मी पुन्हा टिंबर मार्केटला गेले. प्लायवाल्याने ओळखलं.

"ताई, मागच्या वेळी विचारायचं राहिलं. हे माप आतलं की बाहेरचं?"

"बाहेरचं," मी म्हटलं. "आणि एक मिलिमीटरही इकडचं तिकडे नको."