पहिला ‘नको’

बडोद्यात ‘लॉज’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर स्टेशनाजवळची लांबलचक टेबलं, खणांची स्टीलची थाळी आणि ‘दाळ-भात, दाळ-भात’ करत धावणारा वाढपी येतो. इथल्या गुजरातीत लॉज म्हणजे आधी जेवायची जागा, राहायचं नंतर. त्यामुळे लेकीनं ग्लासगोहून फोनवर सांगितलं, “बाबा, तुमच्या लग्नाला तीस वर्षं होतायत ना, तर तुम्हा दोघांसाठी एका लॉजमध्ये दोन रात्री बुक केल्यात,” तेव्हा मी सहज विचारलं, “थाळी अनलिमिटेड आहे का?” तिनं फोन आईकडे द्यायला सांगितलं.

लॉज होतं स्कॉटलंडच्या पश्चिमेला, स्काय बेटावर. ग्लासगोहून आगगाडीनं मॅलेग, तिथून फेरीबोटीनं आर्मडेल आणि पुढं टॅक्सी. रस्ता एका गाडीपुरताच. समोरून दुसरी आली की एकानं रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या जागेत शिरून थांबायचं आणि दुसऱ्यानं जाताना हात उंचावून आभार मानायचे. बडोद्यातल्या अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रुळांखालच्या बोगद्यात, मी हा प्रयोग मनातल्या मनात करून पाहिला, जमला नाही.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात शिकारीला येणाऱ्या बड्या लोकांसाठी बांधलेलं दगडी घर. पुढं समुद्र, मागं बोडके डोंगर, मध्ये मेंढ्या. दुसरं घर नजरेच्या टप्प्यात नाही. “विरजण संपलं तर मागायचं कुणाकडे?” हिनं पहिला प्रश्न हाच काढला. दांडिया बाजारात जन्म गेलेल्या बाईला शेजाराशिवायचं घर म्हणजे अर्धवट बांधलेलं घर.

साडेसातला जेवायला बोलावलं. जुलै महिना, सूर्य दहानंतर मावळणार. बाहेर चक्क दुपारचं ऊन होतं. सूर्यास्ताआधी ताट उरकणारे आमचे जैन शेजारी इथं आले असते, तर गप्पा मारत दहापर्यंत जेवले असते.

आधी आलं ते ओटच्या कडक बिस्किटावर लावलेलं क्राउडी नावाचं पांढरं काहीतरी. हिनं जिभेवर ठेवलं आणि डोळे मोठे केले. “अहो, चक्का!” खरंच चक्का. दूध आंबवून, फडक्यात टांगून, पाणी काढून केलेला. सातासमुद्रापार श्रीखंडाची अर्धी तयारी करून ही माणसं थांबली कशी, वेलची-केशरापर्यंत का पोचली नाहीत, याची हळहळ तिला पुढचे दोन दिवस पुरली.

मग माझ्यापुढं पसरट शिंपल्यात त्यातलाच जीव, एक स्कॅलप आला. एक. पेढ्याएवढा, पांढराशुभ्र, वरून लोण्यात खरपूस. वाढणारी पंचविशीतली मुलगी त्याची कुळकथा सांगत होती: समोरच्याच खाडीतला, पाणबुड्यानं बुडी मारून हातानं वेचलेला, आज सकाळचा. हिच्या थाळीतले बटाटे मागच्या वाफ्यातले, बीट त्याच्या शेजारचं. प्रत्येक पदार्थाचं गाव आणि गोत्र. आपल्या पंगतीत वांगी कुठली हे कुणी विचारत नाही. विचारलंच, तर ती कडू निघाली असं समजावं.

खरा घात केला तो ब्रेडनं. गरम, वरून करकरीत, आत जाळीदार, सोबत खारट लोणी. दोन तुकडे कधी संपले कळलं नाही. मुलगी टोपली घेऊन आली. “आणखी ब्रेड?” आणि माझ्या तोंडून, साठ वर्षांच्या संस्कारांनी, आपोआप निघालं, “नो, नो, थँक यू.”

ती हसली आणि टोपली घेऊन गेली.

गेली म्हणजे गेलीच. मी मान वळवून टोपली स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाताना पाहिली. आपल्याकडे पहिला ‘नको’ हा नकार नसतोच, ती नुसती घंटा असते. त्यावर वाढणाऱ्यानं “असं कसं, घ्या हो” म्हणायचं, आपण ताटावर हात आडवे धरायचे, त्यानं बोटांच्या फटीतून पोळी सरकवायची आणि आपण “अहो काय हे” म्हणत ती तुपात बुडवायची. हे सगळं ठरलेलं असतं. बडोद्यात तर दुहेरी मार. मराठी वाढपी थकला की शेजारच्या बा येतात, “मारा सम” म्हणून थेट शपथच घालतात आणि लाडू पानात पडतो. माझे पणजोबा सयाजीरावांच्या राज्यात कारकून म्हणून आले, चार पिढ्या इथं झाल्या, पण शपथेवर लाडू नाकारण्याचं धैर्य घरात अजून कुणाला झालेलं नाही.

इथं मात्र माझा शब्द प्रमाण मानला गेला होता. सभ्यता म्हणतात ती हीच असावी. भूक मात्र भागली नव्हती.

ही गालातल्या गालात हसत होती. स्वतःच्या बशीतला उरलेला तुकडा तिनं न विचारता माझ्याकडे सरकवला.

खिडकीबाहेर तोवर समुद्र मागं गेला होता. आम्ही बसलो तेव्हा पाणी कुंपणाच्या भिंतीला टेकलेलं होतं, आता शेवाळलेले खडक उघडे पडले होते आणि त्यांच्यातून एक मेंढी आपलं काहीतरी शोधत चालली होती. मला कावी-कंबोई आठवलं. बडोद्याहून दोनेक तासांवर, खंभातच्या आखातावर, स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा भरतीत बुडतं. लहानपणी वडील वेळापत्रक पाहून न्यायचे. किनाऱ्यावर बसून आम्ही डब्यातले थेपले खायचो आणि पिंड पाण्याखाली जाताना पाहायचो. थेपले संपले तरी आईच्या पिशवीत आणखी एक डबा असायचाच.

गोडाला क्रानाखन होतं: फेटलेलं क्रीम, मध, भाजलेले ओट, रासबेरी आणि व्हिस्की. व्हिस्की आहे हे हिला मी खाऊन झाल्यावर सांगितलं. कॉफीबरोबर टॅब्लेट नावाची वडी आली, साखर जास्त पडलेल्या रवाळ पेढ्यासारखी. बिल लेकीनं आधीच भरलं होतं. आकडा तिनं फक्त आईला सांगितला आणि आईनं तो अजून मला सांगितलेला नाही.

दुसऱ्या रात्री मी तयारीनं बसलो. मुलगी टोपली घेऊन वळली, तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी “येस, प्लीज” म्हटलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी तिनं टोपलीच टेबलावर ठेवली.

परत आल्यावर पहिलं जेवण मावशीकडे, पुरणपोळीचं. दोन झाल्या तेव्हा ती तव्यावरची तिसरी उलथन्यावर घेऊन माझ्यामागं उभी राहिली. “अजून एक?”

“हो,” मी म्हटलं.

मावशी तशीच उभी. “असं कसं, एवढीशी तर आहे, माझ्या हातची आहे, आईसाठी घे” हे सगळं तिच्या ओठांवर तयार होतं, आणि आता त्याचं काय करायचं हे तिला कळेना. पोळी वाढून ती आत गेली. दोन मिनिटांनी स्वयंपाकघरातून दबका आवाज आला, “काय गं, तिकडे याला उपाशी ठेवलं होतं का कुणी?”