छतावरचं पाणी बागेला पुरेल का? आमच्या कारखान्याचा ताळेबंद

पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीतली आमची जागा: पत्र्याचं छत २,००० चौरस मीटर, पुढे ६०० चौरस मीटर हिरवळ. छतावरच्या पाण्यावर हिरवळ वर्षभर जगेल का, एवढंच आम्हाला ठरवायचं होतं.

वर्षाचा हिशेब भुलवतो. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. पाऊस ७०० मिमी आणि पत्र्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला हाती येणारा वाटा) ०.८५ धरला की ११ लाख ९० हजार लिटर. हिरवळीला चौरस मीटरमागे रोज ५ लिटर, म्हणजे ३,००० लिटर. ऑक्टोबरच्या मध्यापासून २३० दिवसांचे ६ लाख ९० हजार. पाणी पुरून उरतं! फक्त ते चार महिन्यांत येतं आणि लागतं उरलेल्या आठ महिन्यांत. सगळं साठवायचं तर ३ मीटर खोल टाकीला २३० चौरस मीटर जागा हवी. प्लास्टिक अस्तराचं उघडं तळं स्वस्त पडतं, पण रोज ५ मिमी बाष्पीभवन धरलं तरी तेवढ्या दिवसांत १.१५ मीटर पाणी उडून जातं.

म्हणून टाकी वाढवण्याऐवजी मागणी कापली. हिरवळीच्या जागी कण्हेर, तगर, अडुळसा आणि ठिबक. चौरस मीटरमागे सरासरी २ लिटर धरले तर रोज १,२०० लिटर. १ लाख लिटरची टाकी ८३ दिवस पुरते, म्हणजे जानेवारी उजाडेपर्यंत. पुढे सांडपाणी प्रकल्पाचं शुद्ध केलेलं पाणी. पावसाळ्यात उघडीप पडली तरी हीच टाकी कामाला येते, आणि पुढच्या सरीला पुन्हा भरते.

खरी अडचण पातळ्यांची. छताचे पाइप आधीच जमिनीखालच्या गटाराला जोडलेले होते, आणि ते गटार टाकीपाशी १.४ मीटर खोलीवर येत होतं. पाणी तिथून आत येणार, त्याच्या वर टाकी भरणार नाही, म्हणजे ३ मीटर खोदून उपयोगाची खोली १.६ मीटरच. त्यामुळे पाणी गटारात उतरण्याआधी, पाइप जमिनीच्या वर असतानाच अडवून टाकीकडे वळवायचं ठरवलं. लेव्हल मशीन (जमिनीची उंची-खोली मोजायचं यंत्र) लावल्याशिवाय आराखड्यावर विश्वास ठेवू नये.

पहिल्या पावसाची धूळ आणि कबुतरांची घाण सोडून द्यावी लागते. १ मिमी सोडायचं म्हटलं तरी २,००० लिटर. ६ पाइपांत वाटले तर प्रत्येकी ३३० च्या वर. १६० मिमीच्या पाइपात मीटरला जेमतेम १८ लिटर मावतात, त्यामुळे पहिलं पाणी अडकवून ठेवणारा घरगुती पद्धतीचा उभा पाइप इथे चालत नाही, चेंबरच बांधावं लागतं. ६० मिमी प्रतितास सरीला, तोच ०.८५ गुणांक धरून, सेकंदाला २८ लिटर येतात. गाळणी त्या प्रवाहाची हवी, नाहीतर ती तुंबून पाणी आवारात पसरतं. ट्रकांच्या आवारातलं तेलकट पाणी या टाकीत अजिबात घेऊ नये.

खोदाईआधी चाचणी खड्डे घ्या. वर काळी माती, खाली मुरूम, मग कातळ. कातळ कुठे लागतो त्यावर खर्च ठरतो. प्लास्टिकची टाकी पुरणार असाल तर जुलैत भूजल वर आल्यावर रिकामी टाकी उचलली जाते, तेव्हा तळाला काँक्रीटचं वजन आणि पट्टे हवेतच.